आडनावाचा इतिहास म्हणजे घराण्याचा इतिहास नव्हे

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौजेसोबत किती बुणगे होते, याचे आकडे निरनिराळ्या साधनांत निरनिराळे मिळतात. लढणाऱ्यांहून न लढणारे अधिक होते, याविषयी मात्र फारसे दुमत नाही. वैरण आणणारे, पाणी भरणारे, राहुट्या ठोकणारे, वाणी, आचारी, यात्रेकरू, बायका, दासी असा तो सगळा पसारा होता. आज ‘अमुक आडनावाचा जाज्वल्य इतिहास’ अशा मथळ्याखाली जे मजकूर हातोहात फिरतात, त्यांत या बुणग्यांपैकी कोणाचाही वंश पुढे चाललेला दिसत नाही. त्या मजकुरांनुसार महाराष्ट्रातले प्रत्येक घराणे कोणा ना कोणा सरदाराचे आहे. वैरण कापणारे सगळे निर्वंश झाले असावेत.

हा धागा त्या मजकुरांविरुद्ध आहे. त्यांत तपशिलाच्या चुका असतात, ही तक्रार किरकोळ म्हणावी लागेल. खरी तक्रार अशी की, ज्या माणसाचा शोध घ्यायला वाचक निघालेला असतो, त्याच माणसाला हे मजकूर पुसून टाकतात. ज्याला स्वतःच्या खापरपणजोबाचे नाव ठाऊक नाही, त्याच्या हाती एक सरदार दिला जातो आणि शोध तिथेच संपतो. खापरपणजोबा मात्र तालुक्याच्या अभिलेख कक्षात, आपल्या खऱ्या नावानिशी, कापडाच्या गाठोड्यात बांधलेला असतो. त्याला सोडवायला कोणी जात नाही.

या मजकुरांची कृती ठरलेली आहे. आडनाव घ्यायचे, बखरीत किंवा पत्रव्यवहारात त्याच आडनावाचा एखादा पराक्रमी पुरुष शोधायचा, त्याच्या मागे राजस्थानातले किंवा यादवकाळातले एखादे राजकुल जोडायचे आणि खाली गोत्र, देवक, कुलस्वामिनी, निशाणाचा रंग यांचा तक्ता द्यायचा. सरदार आणि आजचा वाचक यांच्यामधल्या सात-आठ पिढ्यांत कोण होते, हा प्रश्न विचारलाच जात नाही. वास्तविक वंशावळ म्हणजे त्या मधल्या सात-आठ पिढ्याच. त्या वगळल्या तर उरते ते नुसते नामसाधर्म्य.

नामसाधर्म्यावर किती भार टाकता येतो, हे पाहण्यासाठी आडनावांकडे जरा बारकाईने पाहावे. शिंदे, जाधव, पवार, मोरे, गायकवाड, चव्हाण, भोसले ही आडनावे एका जातीची नाहीत. मराठा, महार, मातंग, धनगर, पारधी, बंजारा अशा परस्परांत रोटीबेटी नसलेल्या समाजांत ती विखुरलेली आहेत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले ही तर पदे आहेत. लिंगायत पाटील आहेत, जैन आहेत, मुसलमान आहेत, आगरी आहेत. शिवाय पाटीलकी हे वतन होते. ते वाटले जाई, गहाण पडे, अडीअडचणीत निम्मे विकलेही जाई. ‘कर’ लागणाऱ्या आडनावांची गंमत आणखी वेगळी. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लागत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे. ते लागते गाव सोडल्यावर, दुसऱ्या गावच्या लोकांनी विचारल्यावर. म्हणजे असे आडनाव बहुधा घराण्याच्या उगमाऐवजी एका स्थलांतराची नोंद करते, आणि त्यापूर्वी ते घराणे कोणत्या नावाने ओळखले जाई याविषयी गप्प बसते.

जुन्या कागदांत तर आडनाव हवे तिथे मिळत नाही. मोडी कागदातला सामान्य माणूस स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव आणि फार तर धंदा किंवा जात एवढ्यांवर उभा असतो. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. वतनदाराचे आडनाव कागदात येते, कारण त्याचा हक्क त्यावर टांगलेला असतो. बिनवतनी कुळाच्या आडनावाशी कारकुनाला कर्तव्य नव्हते. भीमा-कोरेगावच्या १८१८ च्या लढाईच्या स्मारकस्तंभावर महार सैनिकांची जी नावे कोरलेली आहेत, ती पाहावीत. स्वतःच्या नावाला ‘नाक’ आणि बापाच्या नावालाही ‘नाक’. त्या नावांना आजची आडनावे जोडून ‘आमचे पूर्वज’ म्हणणे भावनेच्या दृष्टीने समजण्यासारखे असले, तरी तो पुरावा होत नाही.

आता थोडे गणित. प्रत्येक माणसाला दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. दहाव्या पिढीत पोहोचता पोहोचता पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. पिढीला २५ वर्षे धरली, तर हा काळ साधारण सवाई माधवरावाच्या कारकिर्दीचा. नात्यात लग्ने होत असल्याने प्रत्यक्ष माणसे याहून कमी भरतील, एकच माणूस दोनदोन जागांवर बसेल, हे खरे. तरीही आडनावाच्या वाटेने, म्हणजे बापाच्या बापाच्या बापाच्या रेषेने, त्या १०२४ जागांपैकी फक्त एका जागेपर्यंत पोहोचता येते. तिथे शिलेदार बसलेला असेलही. उरलेल्या १०२३ जागांवर कोण होते? त्यांच्याविषयी आडनाव काहीच सांगू शकत नाही. तेव्हा ‘रक्तात इतिहास आहे’ असे म्हणणाऱ्याने निदान आपल्या रक्ताचा एवढा हिशेब तरी मांडावा.

यावर एक उत्तर हमखास येते: ‘आमच्याकडे जुनी वंशावळ आहे.’ असेल. परंतु जुनी वंशावळ कशासाठी लिहिली गेली, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास टाकणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी आपापला ‘करीना’ लिहून देत. वतन मूळ कोणी मिळवले, मग ते कोणाकडे आले, दुष्काळात कोण परागंदा झाला, माघारी आल्यावर भाऊबंदाने कसा दगा केला, अशी पिढ्यानुपिढ्यांची कहाणी त्यात असते. गोतसभेत साक्षी होत, निवाडा होई आणि महजर लिहिला जाई. त्यावर गावचे लोक सह्या किंवा निशाण्या करीत. नांगराची निशाणी असे, इतरांची आपापल्या धंद्याच्या हत्याराची असे. हे करीने विलक्षण वाचनीय आहेत. पण ते खटल्यातले अर्ज आहेत, आणि एकाच गावच्या एकाच पाटीलकीचे दोन करीने शेजारी ठेवले, तर दोन्ही खरे असूच शकत नाहीत. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क कागदाने सिद्ध करणे भाग पडले. अशा चौकशीत सादर होणारी वंशावळ जमीन वाचवण्यासाठी लिहिलेली असते. तिच्यात गैरसोयीचा भाऊ गळतो, दत्तक कधी लपतो तर कधी उपटतो, मुली बहुधा नसतातच. अशी वंशावळ टाकाऊ नसते. मात्र तिला साक्षीदारासारखे उभे करून उलटतपासणी घ्यावी लागते.

मग सामान्य माणसाचा पूर्वज शोधायचा कुठे? सामान्य माणसाविषयी कोणीही प्रेमाने लिहून ठेवलेले नाही. त्याच्याकडून काही वसूल करायचे होते, त्याच्यावर नजर ठेवायची होती किंवा त्याने कोणावर तरी फिर्याद केली होती, म्हणून त्याचे नाव कागदावर आले. सारा, कर्ज, दंड, तंटा, मृत्यू हेच त्याच्या चरित्राचे मथळे. आडनावाऐवजी गाव आणि जमीन हाती धरली, तर मात्र तो अनपेक्षितपणे स्पष्ट दिसू लागतो.

पुणे, सातारा, नगर या भागातल्या एखाद्या कोरडवाहू गावचे घर डोळ्यांसमोर आणावे. पहिला कागद शाळेचा: प्रवेश-निर्गम नोंदवही, म्हणजेच जनरल रजिस्टर. त्यात आजोबांचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मगाव आणि बहुधा जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची जी अफाट संख्या आहे, तिचे श्रेय गुरुजींना द्यावे लागते. शाळा जूनमध्ये भरे आणि वय अंदाजाने लिहिले जाई. पुष्कळ घरांचे आडनाव आजच्या रूपात प्रथम पक्के झाले तेही याच वहीत. मास्तरांनी विचारले, बापाने जे सुचले ते सांगितले, आणि पुढच्या चार पिढ्या त्या उत्तरावर चालल्या.

दुसरा कागद जमिनीचा. सातबारा उतारा सगळ्यांना माहीत असतो, पण वंशावळीचे खरे भांडार सातबाऱ्यात नसून त्यावर वर्तुळात लिहिलेल्या बारीक आकड्यांत असते. ते फेरफार क्रमांक. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, आणि जमिनीच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार पत्रकात, उतरू लागला. ‘अमुक तारखेस मयत, वारस मुलगे दोन, विधवा एक, मुलगी एक’ अशी नोंद मिळाली की एकाच ओळीत एक संपूर्ण कुटुंब उभे राहते. त्याच्या जोडीला गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाकडील जन्ममृत्यूची नोंद. तीत मयताचे नाव, जात आणि तारीख. काही ठिकाणी कडईपत्रके आणि सूडपत्रके हाती लागतात. त्यामागे ब्रिटिशांच्या पहिल्या मोजणीचे कागद: विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून ज्या पद्धतीची सुरुवात केली, ती पुढे इलाखाभर पसरली आणि प्रत्येक शेताला क्रमांक, आकार आणि खातेदार मिळाला. शेत तेच राहते, माणसे बदलतात. शोध घेणाऱ्याने म्हणूनच माणसाऐवजी शेताचा पाठलाग करावा.

मराठवाड्यात ही वाट वेगळी आहे. तिथले जुने महसुली कागद निजामाच्या राज्याचे, बरेचसे उर्दूतले, आणि खासरा पत्रक व पाहणी पत्रक ही तिथली हाताशी येणारी दारे. गोव्यात आणखी निराळी. तिथे ख्रिस्ती घराण्यांना चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी आहेत, गावकारीचे दप्तर आहे आणि १५९५ साली स्थापन झालेला पणजीचा अभिलेख संग्रह आहे. परदेशी संकेतस्थळांवरचे मार्गदर्शन वाचून जनगणनेच्या मागे लागणाऱ्यांची मात्र इकडे निराशा होते; भारतात घरोघरची मूळ पत्रके तिकडच्यासारखी जपलीच गेली नाहीत.

१८१८ च्या मागे जायचे तर पुणे पुराभिलेखागार, ज्याला जुनी माणसे अजून पेशवे दप्तर म्हणतात. रियासतकार सरदेसाई यांनी तिथल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले, आणि ‘आडनावाचा इतिहास’ लिहिणारे बहुतेक त्या खंडांच्या नामसूचीपलीकडे जात नाहीत. परंतु ते खंड म्हणजे समुद्रातली ओंजळ. रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद तसेच आहेत आणि त्यांत गावोगावचे जमाखर्च, कुळांच्या याद्या, दंडाच्या रकमा आहेत. कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागदही आहेत. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको असा अर्थ आज कोणी करील. त्या काळच्या कागदांत ती दासी आहे. तिचे नाव आहे, किंमत आहे. तिलाही मुले झाली असतील, नातवंडे झाली असतील. ‘आमची मूळ आजी कुणबीण होती’ असे सांगणारा जाज्वल्य मजकूर अजून कोणाच्या वाचनात आलेला नाही.

कागदाच्या या साखळीत एक मोठा खंड पडतो, आणि तो विशेष विचार करण्याजोगा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. जीवितहानी फारशी झाली नाही. लोकांना हवी होती ती कर्जखते. सावकाराने दिली की जाळायची, नाही दिली की मारहाण, प्रसंगी वाडा पेटवायचा. त्या कर्जखतांवर काय होते? कर्जदाराचे नाव, बापाचे नाव, गाव, रक्कम, गहाण टाकलेले शेत, साक्षीदार. म्हणजे आज वंशावळ शोधणाऱ्याला जे हवे असते, नेमके तेच. सामान्य कुणब्याविषयीचा सर्वांत तपशीलवार खाजगी कागद त्या कुणब्यानेच पेटवून दिला, कारण त्याच्या दृष्टीने तो कागद वंशपरंपरेची बेडी होता. बापाचे कर्ज मुलावर, मुलाचे नातवावर. दख्खनच्या दंग्यांची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्या कायद्याने शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर होऊ लागले आणि पुसले गेलेले कुणबी पुन्हा कागदावर दिसू लागले. मधल्या काळात १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला. कितीतरी घरे गाव सोडून गेली ती परतलीच नाहीत.

पराक्रमी पूर्वज हवा असणाऱ्यांनी या १८७५ कडे पाहायला हरकत नव्हती. शंभरेक माणसांत उभे राहून सावकाराच्या दारात आपले खत मागणारा माणूस पानिपतावरच्या कोणत्याही शिलेदाराइतकाच अंगावर धोका घेत होता, आणि तो कित्येक घरांचा केवळ चार-पाच पिढ्यांमागचा माणूस आहे. पण त्याच्या नावाला निशाण नाही, आणि कर्जबाजारी पूर्वज चौकटीत मढवून दिवाणखान्यात लावायला कोणाला आवडतो?

स्त्रियांविषयी बोलायचे तर आडनावाच्या इतिहासात त्या मुळातच नाहीत, हे वर गणितात आलेच. कागदांतही त्यांना शोधणे अवघड जाते, कारण लग्नात नुसते आडनाव बदलत नसे, नावही बदलत असे. तांदळात लिहिलेले नवे नाव घेऊन ती सासरच्या कागदांत शिरली की माहेरच्या कागदांतली मुलगी नाहीशी होते. तीच ती हे सांगणारा एकही दस्त बहुधा नसतो. ही गाठ फक्त घरातली म्हातारी माणसे सोडवू शकतात. तिचे माहेर कोणते, भाऊ कोण, तिला माहेरी काय म्हणत, एवढे तीन प्रश्न आजीला ती हयात असताना विचारले, तर पुढे अभिलेख कक्षातली वर्षे वाचतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर फेरफारात मुलींची नावे ठळकपणे येऊ लागतात. त्यांच्यामागोमाग दुसरा फेरफार येतो तो हक्कसोडपत्राचा. दोन फेरफारांमधले अंतर किती महिन्यांचे आहे हे मोजत गेले, तर एका गावाचा सामाजिक इतिहास लिहिता येईल. तो लिहिण्याऐवजी निशाण भगवे होते की जरीपटक्याचे, यावर शेकडो प्रतिक्रिया झडतात.

मौखिक परंपरेला येथे कमी लेखायचे कारण नाही. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात. बैलगाडीतून किंवा आता मोटारीतून दारात उतरून ते घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात, नवी जन्मलेली नावे वहीत लिहून घेतात आणि धान्य किंवा पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया येथील उपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांच्या हातच्या सह्या सापडू शकतात. या साधनांचेही आपापले हितसंबंध आहेत. दक्षिणा देणाऱ्याला त्याची परंपरा थोर असल्याचे सांगणे हा व्यवहाराचाच भाग. आणि तीर्थाला जाण्याची ऐपत व मुभा ज्यांना होती, त्यांचीच नावे त्या वह्यांत आली. तरीही हेळव्याच्या तोंडची मधली सात नावे ही जाज्वल्य मजकुरातल्या एका सरदारापेक्षा मोलाची, कारण ती फेरफाराशी आणि मोजणीच्या कागदाशी ताडून पाहता येतात.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांचे काय? इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दलित घराण्यांचे कागदच नसतात, असे सर्रास म्हटले जाते. महारकी हे वतन होते आणि १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याखाली वतनदारांच्या नोंदी ठेवल्या जात. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला, तोवर ही नोंद चालू होती. राबणुकीची ती वतने अन्यायाचे साधन होती, आणि बाबासाहेबांनी त्यांच्याविरुद्ध १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. त्याच अन्यायाच्या वहीत कोणाचा मुलगा कोण, हेही लिहिलेले आहे. पूर्वज शोधणाऱ्याने ती वही उघडताना हात थरथरला तरी उघडावी.

समुद्रापलीकडे गेलेल्यांच्या नोंदी तर थक्क करणाऱ्या आहेत. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सातारा, ठाणे या भागांतले मराठी लोकही होते. प्रत्येकाला क्रमांक होता. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जहाज, कोणत्या मळ्यावर पाठवले ते, आणि पुढच्या काळात छायाचित्रही. हे दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. कोकणात मागे राहिलेल्या भावाच्या वंशजाला आपल्या पूर्वजाचा चेहरा कसा होता हे कळण्याचा मार्ग नाही. ऊस तोडायला नेलेल्या भावाच्या वंशजाला तो चेहरा पाहता येतो. आणि तिकडच्या अनेक कुटुंबांचे आजचे आडनाव म्हणजे त्या पहिल्या मजुराचे किंवा त्याच्या बापाचे पाळण्यातले नाव. मॉरिशसचा माणूस आडनाव धरून बखरीत शिरला असता, तर त्याला कोणीच भेटले नसते. क्रमांक धरून गेल्यामुळे त्याला गाव भेटते.

‘अभिमान बाळगला तर कोणाचे काय बिघडले?’ असा प्रश्न शेवटी येतोच. बिघडते ते असे. वंशावळ हा महाराष्ट्रात आज हौसेचा विषय राहिलेला नाही. जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते आणि ती जुन्या कागदाशी जुळावी लागते: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. त्या वेळी कामाला आले ते गाव नमुना १४, खासरा पत्रक आणि शाळेचे रजिस्टर. कोणत्याही कार्यालयाने कोणाचे निशाण विचारले नाही. ज्या तरुणांनी वर्षानुवर्षे आडनावांचे तक्ते पाठ केले, त्यांच्यापैकी कित्येकांना घरातला मोडी फेरफार वाचता आला नाही आणि पणजोबाच्या नावाची ओळ वाचून घ्यायला पैसे मोजावे लागले. मोडीची मुळाक्षरे काही आठवड्यांत येतात, सरावाला काही महिने लागतात. एवढा वेळ त्यांनी कशात घालवला, हे त्यांनाच ठाऊक.

आणि ज्यांच्याकडे शेत नाही, वतन नाही, कर्ज देईल असा सावकारही नाही, अशा पारधी, कैकाडी, कंजारभाट घरांना जेव्हा १९६१ पूर्वीचा पुरावा विचारला जातो, तेव्हा या साऱ्या खटाटोपाचे खरे मोल कळते. स्थानिक चौकशीचा मार्ग असला, तरी पहिली मागणी कागदाचीच होते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या नव्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. या लोकांची नावे नोंदवली गेली, बोटांचे ठसे घेतले गेले, हजेऱ्या लावल्या गेल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून तो कायदा गेला. म्हणजे त्या घरातले आजोबा कोण, त्यांचा बाप कोण, ते कोणत्या दिवशी कुठे होते, याची वही एके काळी सरकारनेच लिहिली होती. त्या वह्यांतल्या किती उरल्या, कोणत्या पोलीस ठाण्याच्या माळ्यावर आणि कोणत्या कचेरीच्या गठ्ठ्यांत उरल्या, हे शोधण्याचे काम अजून बाकी आहे. जाज्वल्य मजकुरांच्या यादीत ते नाही.